मुऱ्हाळ्याविना आखाजी

आखाजी जवळ आली की आमच्या गल्लीत एकच प्रश्न दारोदार हिंडतो. 'कधी निघणार?' भाजीवाली विचारते, गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बाया एकमेकींना विचारतात, नळावर घागर लावता लावता पोरी विचारतात. फक्त माझ्या दारापाशी आला की तो प्रश्न चपला हातात घेऊन हळूच पुढे सरकतो. समोरच्या घरातली सून तर मला पाहिलं की हवापाण्यावर बोलू लागते. 'फार तापतंय हो बाई यंदा.' खानदेशात वैशाखात तापणार नाही तर काय गारा पडणार? पण मीही म्हणते, 'हो ना, फारच तापतंय.' तिला माझं मन राखायचं असतं, मला तिचं.

बाकी सगळं दरवर्षीसारखं आहे. धुळ्यात पांझरा नदीच्या काठी डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, ढीग लागलेत. पिकलेल्या डांगराचा तो गोड, जरासा आंबूस वास दुपारच्या झळांबरोबर थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. कडुनिंबाचा मोहोर अंगणभर पडतो. झाडून पाठ वळवावी तर पुन्हा तेवढाच. बसस्थानकाकडून जावं तर जिकडेतिकडे बहिणी आणि त्यांना न्यायला आलेले भाऊ. भाऊ ओळखायला सोपा असतो. नवरा बायकोच्या पुढे चालतो, भाऊ बरोबर चालतो. त्याच्या एका हातात पिशवी असते, कडेवर भाचा असतो आणि बहिणीचे हात मोकळे असतात. बाईचे हात असे मोकळे मी एरवी फारसे पाहिलेले नाहीत.

मी मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. आता निवृत्त आहे, एकटी राहते, आणि एकटीनं राहायचं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. बाकीचे महिने ते मला जड जात नाही. वाचते, लोणची घालते, शेजारच्या पोरांच्या पाढ्यांना कान देते. पण हे आठ-पंधरा दिवस मात्र जीव खालीवर होतो. कारण या दिवसांतच मला सत्तावन्न सालची आखाजी आठवते, आणि आठवते म्हणजे बोलावल्याशिवाय येऊन बसते.

बाहेरच्यांना दिवाळी मोठी वाटते. आमच्याकडच्या लेकीला विचाराल तर ती आखाजीचं नाव घेईल. अक्षय्य तृतीया हे तिचं पंचांगातलं नाव. आमच्यासाठी ती निंबाच्या फांदीला टांगलेला झोका, खापरावरची पुरणपोळी, आमरस, गौराई आणि घसा बसेपर्यंत म्हटलेली गाणी. सासरी जिचा आवाज कोणी ऐकलेला नसतो, ती झोक्यावर उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं गाते. पण या सुखाला एक अट असते. लेकीनं आपल्या पायांनी माहेरी जायचं नसतं. माहेरून कोणीतरी तिला न्यायला यावं लागतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की लेकीची मान ताठ. तो न येता ती गेली, तर वेशीतच बाया एकमेकींना कोपरानं ढोसतात: भांडून आली की काय, टाकून दिली की काय.

माझा मुऱ्हाळी कायम आबाच, म्हणजे माझे वडील. खरं तर हे काम भावाचं. पण आबांनी ते कधी भावावर सोडलं नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला माझं लग्न दोंडाईच्याला झालं. आबा यावलजवळच्या आमच्या गावाहून आगगाडीनं यायचे, स्टेशनवरून डोक्यावर केळीचा घड घेऊन चालत यायचे आणि ओट्यावर बसून सासऱ्यांशी मिरचीच्या भावावर बोलायचे. माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी आत परातीतून हात काढून घेत असे. आबा आले म्हणजे आता पुढची भाकरी कोणीतरी दुसरं थापणार.

मग माझे यजमान विषमज्वरानं गेले. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी मला वाईट वागवलं असं नाही, फक्त माझं काय करायचं ते त्यांना कळेना. आबांनी मला आणलं, आणि गावानं नावं ठेवली तरी धुळ्याला मास्तरणीच्या शिक्षणाला घातलं. नोकरी लागली. कडुनिंबाच्या अंगणातली एक खोली भाड्यानं मिळाली. पुढची आखाजी आली तेव्हा मी कुणाची वाट पाहत नव्हते. कपाळ मोकळं झालेल्या बाईची कसली आखाजी? पण आबा धुळ्याच्या त्या खोलीच्या दारात उभे. गावात कुणीतरी त्यांना हटकलं होतं म्हणे, की आता त्या लेकीला सणाला कशाला आणता. आबांनी उत्तर दिलं, "आखाजी लेकीची ऱ्हाते, जवायाची नही." हे मला मायनं सांगितलं. आबा स्वतः असलं काही बोलून दाखवणारे नव्हते.

छप्पन साली, उन्हाळा सरता सरता, लेकीला बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा देणारा कायदा झाला. शाळेत मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी वर्तमानपत्रातून आम्हाला ते वाचून दाखवलं. आम्ही साऱ्या मास्तरणी हसलो. एकजण म्हणाली, आता राखी बांधायला गेलं तर भाऊ दाराला कडी लावून घेईल. दुसरी म्हणाली, मला नको बाई वाटा, मला माझी साडीचोळी पुरे. चहा संपेपर्यंत आमचं एकमत झालं, की कायदा चांगला आहे, असावा, फक्त कुणी वापरू नये. त्या एकमतात मीही होते.

आबा त्याच हिवाळ्यात गेले. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. केळीचा मळा त्यांनी स्वतःच्या कष्टांनी घेतलेला. वडिलोपार्जित जिरायती जमीन निराळी, ती थोडकी. मळा मात्र आबांचा. त्याच्या विहिरीची मोट हाकताना ते मला पुढे बसवत. केळीच्या दोन ओळींमधून पाणी धावायला लागलं की मी त्याच्या पुढे पळायचे, ओळीच्या टोकाला आधी कोण पोचतं ते बघायला. तिथला ओला, गार अंधार, वरून हलणारी ती मोठी पानं आणि पायाला लागणारा चिखल. भर उन्हाळ्यात आमच्याकडे गारवा असायचा तो तेवढ्याच जागी.

उत्तरकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. नामदेवभाऊ, माझा थोरला भाऊ, जेवता जेवता म्हणाला, "इंदू, उद्या चावडीवर चालजो. तलाठी येनार हाये. मायचा अंगठा आन् तुही सही. दोन मिन्टाचं काम."

"कशाची सही?"

"वावराची व. माह्या नावावर करनं हाये ना सारं."

खरं सांगते, मी सही करायलाच गेले होते. रुमालात पेनसुद्धा गुंडाळून घेतलं होतं. त्या घरात सही करता येणारी मी एकटी बाई. त्याचा मला थोडा तोराही होता. चावडीत तलाठ्यानं शाईची डबी उघडली. भाऊनं मायचा हात धरला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. कायद्यानं मायचाही वाटा होता, पण तो आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तो चालला हेही सांगितलं नाही. ती तेव्हा दारातून बाहेर बघत होती, कुणाची तरी शेळी कुंपणात शिरली होती तिकडे. मग तिनं अंगठा पदराला न पुसता चावडीच्या भिंतीला पुसला, लुगडं खराब होऊ नये म्हणून. भाऊ माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "हं, आता तू."

आणि मी म्हटलं, "मी नाही करणार."

का म्हटलं, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. जमीन हवी होती का? जमीन घेऊन मी काय करणार होते? धुळ्यात बसून केळी लावणार होते? पगार होता, पोट भरत होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की आबांची दोन मुलं आहेत आणि या खोलीत एकच मोजलं जातंय. दुसऱ्यानं फक्त बाजूला व्हायचंय, तेही हसतमुखानं. नाही म्हणण्याची माझी तयारी नव्हती, पण हसतमुखानं बाजूला होणंही मला जमेना.

भाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं झालं असतं. घरी आल्यावर ओसरीत बसून म्हणाला, "मी तुले काय कमी केलं व, इंदू? तू ल्हानपनी शिकत व्हती तव्हा मी शाया सोडून वावरात राबलो. सन असो, वार असो, तुले लुगडं घेतल्याबिगर तुह्या वहिनीले घेतलं नही. आता लोकं म्हनतीन, बहिनीनं भावाचं वावर तोडलं."

"मी तोडत नाही. तूच कस ते वावर, जन्मभर कस. फक्त माझं नाव राहू दे."

"आन् उद्या तुह्या माघारी दोंडाईच्याचे येतीन वाटा मांगाले. मंग?"

कायद्यात त्याचं काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. आज मला वाटतं, तो लोभी नव्हता, भ्यालेला होता. पण भ्यालेला माणूस आणि लोभी माणूस यांचा दरवाजा लावण्याचा आवाज सारखाच येतो. त्यानं मला यावलच्या बसपर्यंत पोचवलं नाही.

आणि मग ती आखाजी आली.

वार्षिक परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, शाळेला सुट्टी लागली. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला घरमालकिणीनं दोर टांगला. या घरमालकीण जिजाबाई, पैलवानासारख्या आडव्या बांध्याच्या आणि अहिराणीत बोलणाऱ्या. त्यांच्या लेकी एकेक करून माहेरी आल्या. पहाटेपासून झोक्याची करकर आणि गाणी. मी खोलीत बसून ऐकायची. प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे भाऊ असतोच. तो घोड्यावरून येतो, बैलगाडीतून येतो, नदी ओलांडून येतो. आमच्या गाण्यांतल्या भावांना दुसरं काही कामच नसतं.

"तुना भाऊ उना नही का आजून, मास्तरीनबाई?" जिजाबाईंनी एका सकाळी विचारलं.

"येईल. केळीला पाणी सोडायचं असेल."

"येई व माय, येई. सन आजून लांब शे."

सण लांब नव्हता. ते त्यांनाही माहीत होतं. त्या दिवसानंतर त्यांनी मला विचारणं सोडलं आणि लेकींनाही डोळ्यांनी दटावून ठेवलं. आमच्या गल्लीनं माझं दार ओलांडून पुढे जायची सवय लावून घेतली ती तेव्हापासून.

वेडेपणा बघा, तरीही मी पिशवी भरली होती. दोन लुगडी, वहिनीसाठी खण, भाच्यांसाठी रेवड्या. भरायची, मग आपल्यालाच लाज वाटून रिकामी करायची, आणि संध्याकाळी पुन्हा भरायची. खोलीतून बसचा भोंगा ऐकू यायचा. जळगावकडची बस कुठली ते मला आवाजावरून कळायला लागलं होतं. ती आली की मी उगीच अंगणात जाऊन कपडे उलटे-पालटे करायची. ती आली, माणसं उतरून आपापल्या गल्ल्यांत शिरली, रस्ता मोकळा झाला, की आत यायची. इतकं एकटं मला यजमान गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सगळे रडत होते, आणि माझ्यासाठीच रडत होते. आता माझ्या गावी सण चालला होता, झोका चालला होता, पोळ्या भाजल्या जात होत्या, आणि मी नाही म्हणून काहीही अडलं नव्हतं.

सण अगदी तोंडावर आला आणि एका दुपारी दाराशी आवाज आला, "इथीच ऱ्हाते का व पोरीच्या शायेतली मास्तरीन?"

दारात माय उभी होती. डोक्यावर गाठोडं, चेहरा उन्हानं लाल, आणि ते मोकळं कपाळ, ज्याची मला अजून सवय झाली नव्हती. तिला माझं हे घर ठाऊक नव्हतं. भुसावळच्या बाजाराला सुद्धा ती कधी एकटी गेलेली नव्हती.

"माय! तू कोनासंगे आली?"

"कोनासंगे येऊ? येष्टीत बसली आन् आली."

यावलहून भुसावळ, तिथून जळगाव, तिथून धुळे. नशिराबादपासूनच ती कंडक्टरला विचारायला लागली होती म्हणे, "धुयं आलं का, बापा?" शेवटी त्यानं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"भाऊ कोठी हाये?"

"तो नही आला." तिनं गाठोडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. "मी आली तुले घ्याले."

त्या एका वाक्यानं माझं काय झालं ते मी इथे नीट लिहू शकणार नाही. आई कधी मुऱ्हाळी होते का? आमच्याकडे बाईला न्यायला बाई येत नाही. तिला स्वतःलाच कुणीतरी न्यावं-आणावं लागतं. आणि ही तीन बसगाड्या बदलून आली होती. मी रडले, हसले, पिशवी पुढे ओढली. जिजाबाईंना ओरडून सांगितलं, माय आली हो, मला न्यायला माझी माय आली. मायनं गाठोडं सोडलं. सांजोऱ्या, केळीची एक फणी आणि कैऱ्या. मी कैरी नाकाशी धरली आणि आमच्या मळ्याच्या बांधावरचं झाड डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"थांब जरा," माय म्हणाली. "आधी आयकून घे."

तिनं ते सरळ सांगितलं. तिला आडून बोलता येत नसे. नामदेव म्हणतो, इंदूनं सही करून द्यावी. मग तो स्वतः गाडी जुंपून भुसावळपर्यंत सामोरा येईल, नवं लुगडं घेईल, मागचं काही काढणार नाही. नाही केली, तर माय तिथे आणि इंदू इथे, दोघींची गाठ नाही. त्याचं घर बंद.

मी पिशवी खाली ठेवली.

"तुले पगार हाये," माय म्हणाली. "माले काय हाये? मी त्याच्या ताटात जेवते. तुले वावर पाहिजे का माहेर, एक काय ते सांग. दोन्ही कोनाले मियते व?"

"त्याले मियते ना, माय. त्याले घर बी हाये, वावर बी हाये, तू बी हाये. त्याले कोन्ही इचारलं का, का बाबा, वावर पाहिजे का माय पाहिजे, एक काय ते सांग?"

बाहेर झोका करकरत होता. मायनं माझ्या सुपातले तांदूळ ओढून घेतले आणि निवडत बसली. मी शाळेत निबंध घालायची, भाषणं बसवायची, पोरींना ताठ उभ्या राहा म्हणून सांगायची. पण आयुष्यात खरं बोलायचं ते एवढंच बोलले, आणि तेही एका दमलेल्या म्हाताऱ्या बाईशी, जिचा या सगळ्यात काडीचाही दोष नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसलो. पोरी गात होत्या. मायचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. तिला ती सगळी गाणी येत होती. तिलाही कधीकाळी कुणी न्यायला येत असणार, हे माझ्या तोवर कधी मनातही आलं नव्हतं.

सकाळी मी तिला जळगावच्या बसपाशी नेलं. ती एकटी परत चालली होती, आणि मी तिला तसं जाऊ देत होते. फलाटावर सगळीकडे भाऊ-बहिणी. मला एकदा वाटलं, म्हणावं चल, देते सही, त्यात काय आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते. माझा कणखरपणा त्या सकाळी एवढासाच उरला होता, आणि मायनं नेमकं तेव्हाच तोंड उघडलं.

"माले कोन्ही इचारलं नही, व इंदू," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, आपल्या अंगठ्याकडे बघत. "हात धरला आन् टेकवला. तुले इचारलं. म्हनून तुले नही म्हनता आलं."

मग बस लागली. पायरीवर एक पाय ठेवून ती पुन्हा वळली. "यंदा त्याहिची पह्यली घागर हाये. नामदेव भरीन तठी. तू बी भर इथी."

आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून ठेवतात. ते मुलाचं काम. मी म्हटलं, "पोरी भरतात का घागर, माय?"

"कोनाले माहीत. भरून पाह्य. दोन ठिकानचं पानी मियीन त्याहिले, वाईट काय व्हनार हाये?"

कंडक्टरनं घंटी मारली आणि ती आत गेली.

मला लोक विचारतात, जे विचारण्याइतके जवळचे आहेत ते, की एवढं करून तुम्हाला मिळालं काय? प्रश्न रास्त आहे. त्या मळ्यातलं एक केळ मी कधी आणलं नाही. भाऊच कसत राहिला. त्याच्या नावाशेजारी माझं नाव तलाठ्याच्या दप्तरात आहे आणि भाऊ मला पुन्हा कधी न्यायला आला नाही. माय गेली तेव्हा निरोप आला. मी गेले, ओसरीत बसले, वहिनीनं चहा दिला, भाऊ पाठमोरा बसून राहिला. त्याचे केस पांढरे झाले होते, पाठ आबांसारखी दिसत होती. मला वाटलं, त्या पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही. संध्याकाळच्या बसनं परत आले. हक्क मिळाला की माणूस सुखी होतो असं मी वर्गात कधी शिकवलं नाही, कारण मला तसा अनुभव नाही. पण आता माझ्या काही विद्यार्थिनी आपल्या लेकींना घेऊन भेटायला येतात आणि सहज बोलता बोलता सांगतात, 'बाई, बाबांच्या घरात माझाही हिस्सा आहे, भाऊ म्हणतो तूच ठरव काय करायचं ते.' सहज सांगतात. त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र उठून आत जावं लागतं, पाणी आणायच्या निमित्तानं.

तर त्या आखाजीच्या सकाळी मी पांझरेच्या काठी जाऊन घागर घेतली. जिजाबाईंना विचारलं, काय काय करायचं असतं. त्यांनी आधी माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं, मग कमरेला पदर खोचला. घागर भरून पाटावर ठेवली, तोंडावर डांगर, त्यावर मायच्या सांजोऱ्या आणि कैरी. चुलीतल्या निखाऱ्यांवर तुपाचा घास टाकला. उंबरठ्यावर आबांच्या नावानं कुंकवाचं एक बोट ओढायचं होतं. मी थबकले. कुंकवाला मी कित्येक वर्षांत हात लावलेला नव्हता. जिजाबाईंनी करंडा माझ्यापुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. मी बोट बुडवलं, उंबरठ्यावर ओढलं. रेघ वाकडी आली.

आता राहिलं पितराचं ताट. गेलेल्याच्या नावानं एका बाप्याला जेवू घालावं लागतं. मास्तरणीच्या घरी, बाईनं भरलेल्या घागरीपुढे कोण जेवायला बसणार? मी दोघांना विचारून पाहिलं होतं. एकाला बाहेरगावी जायचं होतं, दुसऱ्याचं पोट बिघडलं.

"मी बठस ना," जिजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही? बाईमाणूस पितर म्हणून?"

"पोट भरनं शे ना? ते बाप्यानं भरं काय नी बाईनं भरं काय. वाढ."

आणि त्या माझ्या वडिलांच्या नावानं पाटावर मांडी ठोकून बसल्या. मी ताट वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. अंगणात पोरी झोक्यावर चढल्या होत्या. जिजाबाईंनी घास घेण्याआधी हात आखडला. "बापले हाक मार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काय बोलनं शे ते बोल. मंग मी जेवस."

मंत्र मला येत नव्हते. मी घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं, ताटाशेजारी ठेवलं आणि खाली वाकले.

"आबा," मी म्हटलं, "यंदा तुमी माले घ्याले आले नही. म्हनून तुमालेच इथी बोलावलं."